पाठमोरी

न्यूपोर्टच्या किनाऱ्यावर एक लाकडी धक्का. त्याच्या टोकाला छत्रीसारखा छोटा मंडप, आणि तिथल्या कठड्याला टेकून एक बाई समुद्राकडे तोंड करून उभी आहे. समोर लाइम रॉकचं बुटकं दीपगृह. ‘जा, तिला बोलावून आण’ म्हणून आजीबाईंनी पाठवलेला न्यूलंड आर्चर वरच्या पायवाटेवर थबकतो. खाली उतरत नाही, हाक मारत नाही. पाण्यावरून एक शिडाची होडी सरकते आहे. तो मनाशी ठरवतो, ही होडी दीपगृहाच्या पलीकडे जायच्या आत तिने वळून पाहिलं तर ठीक, नाहीतर आपण मागे फिरायचं. आपल्याकडे देवाला कौल लावून, उजवं फूल पडतं की डावं याची वाट बघत उभे राहतात, तसा तो उभा आहे.

होडी निघून जाते. ती वळत नाही. तो मागे फिरतो.

ईडिथ व्हॉर्टन यांच्या ‘द एज ऑफ इनोसन्स’ या कादंबरीतला हा प्रसंग. १९२० साली ती प्रसिद्ध झाली. गोष्ट मात्र १८७०च्या दशकातल्या न्यूयॉर्कची, तिथल्या मोजक्या जुन्या श्रीमंत घराण्यांची. मी ती वाचली तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेली जुनी प्रत. या प्रसंगाशेजारी मी पेन्सिलीने इतकी दाबून रेघ मारली आहे की मागच्या पानावर वळ उठला आहे. तेव्हा मला वाटलं होतं, प्रेम असंच असतं. एका होडीच्या अंतराने हुकलेलं.

पुढे काही प्रकरणांनी बॉस्टनला दोघांची गाठ पडते, आणि बोलता बोलता एलेन, म्हणजे धक्क्यावरची ती बाई, सांगून टाकते की त्या दिवशी ती मुद्दामच वळली नव्हती. गाडीची तट्टं तिने ओळखली होती. म्हणून तर ती किनाऱ्यावर गेली, त्याच्यापासून जमेल तितकं लांब. म्हणजे ज्या पाठीकडे बघून तो नशिबाचा कौल घेत होता, त्या पाठीला तो आल्याचं पुरतं ठाऊक होतं. ती पाठ स्वतःचं काही सांगत होती. त्याने मात्र तिचा उपयोग नाण्यासारखा केला, छापा की काटा.

हे वाक्यही मी सव्वीसाव्या वर्षी वाचलंच असणार. त्याच्याजवळ रेघ नाही. म्हणजे माझी नाही.

दोन महिन्यांपूर्वी घराला रंग काढला. पुस्तकं खोक्यांत भरताना ही प्रत हाताला लागली आणि मी तिथेच बसून चाळायला लागलो. माझ्या जाड, काळ्या रेघा मला ओळखू आल्या. त्यांच्या अधूनमधून दुसऱ्याच हाताच्या फिक्या, बारीक खुणा होत्या. टोक काढलेल्या पेन्सिलीने मारलेल्या, पट्टीने आखल्यासारख्या सरळ. लग्न झालं त्या वर्षी मी हे पुस्तक बायकोला वाचायला दिलं होतं. आठवड्याभराने तिने ते परत कपाटात ठेवलं आणि ‘आवडलं’ एवढंच म्हणाली. ती बँकेत होती, दिवसभर आकडेमोड करून दमून यायची. इंग्रजी कादंबऱ्यांचा तिला नाद नाही असं मी तेव्हाच धरून चाललो आणि पुन्हा विषय काढला नाही. तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो. आज सत्तावन्न.

तिच्या खुणा माझ्या खुणांना कुठेच भेटत नाहीत.

म्हणून मी ही कादंबरी पुन्हा वाचली, या वेळी तिच्या खुणांच्या मागोमाग. लिहायला बसलो ते त्यामुळेच.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. न्यूलंड आर्चर हा वकील, चांगल्या घरचा, चोखंदळ, वाचणारा. मे वेलंड या सुंदर, निरोगी, सगळ्यांना पसंत असलेल्या मुलीशी त्याचं लग्न ठरतं. त्याच सुमारास मेची मामेबहीण एलेन युरोपातून परत येते. पोलिश सरदाराशी, काउंट ओलेन्स्कीशी झालेलं लग्न मोडून ती निघून आली आहे आणि तिच्या नावाभोवती कुजबुज आहे. आर्चर तिच्या प्रेमात पडतो. लग्न मात्र मेशी करतो. पुढे सगळं घराणं मिळून एलेनला गोड बोलून न्यूयॉर्कबाहेर काढतं.

आर्चर वाईट माणूस असता तर ही कादंबरी सोपी होती. तो वाईट नाही. दोघींवर त्याचा जीव आहे, दोघींचं भलं व्हावं असं त्याला मनापासून वाटतं. बायकांना पुरुषांइतकंच मोकळं असायला हवं, असं तो चारचौघांत बोलूनही जातो. फक्त त्याने दोघींना एकेक खण नेमून दिला आहे. मे म्हणजे अजाण, एलेन म्हणजे पोळलेली. एकीला काही ठाऊक नाही, दुसरीला नको तितकं ठाऊक आहे. एकदा खण ठरले की विचारायची गरज उरत नाही. मग समोरच्या माणसाने काहीही केलं तरी ते त्या खणात बसवता येतं.

पहिल्याच प्रकरणात हे दिसतं. अ‍ॅकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये गूनोचा ‘फाउस्ट’ ऑपेरा चालू आहे, क्रिस्टीन निल्सन गाते आहे, फुलाच्या पाकळ्या तोडत ‘करतो, नाही करत’ असं काहीसं ते गाणं. समोरच्या बॉक्समध्ये पांढऱ्या कपड्यांत मे, मांडीवर आर्चरने पाठवलेली लिली ऑफ द व्हॅलीची फुलं. गाण्याच्या त्या जागेला तिच्या गालावर लाली चढते आणि हातमोज्यातली बोटं फुलांना अलगद स्पर्श करतात. आर्चर समोरून बघतो आणि त्याला भरून येतं: किती गोड! हे काय चाललंय ते हिला कळतसुद्धा नाही.

आता लाली चढली, बोटं नेमकी त्याच्याच फुलांवर गेली, हे सगळं त्याला दिसलं आहे. व्हॉर्टनबाईंनी ते त्याच्याच डोळ्यांतून आपल्याला दाखवलं आहे. तरी त्यातून निष्कर्ष काय निघाला, तर तिला कळत नाही! आणि मी, सव्वीस वर्षांचा, मान डोलावून पुढे गेलो. या कादंबरीची खरी करामत हीच. जवळजवळ सगळं आर्चरच्या नजरेतून येतं. मेच्या मनात काय आहे, एलेनला काय वाटतं, हे आतून कधीच सांगितलेलं नाही. पुरावा सगळा पानावर मांडलेला असतो, निकाल मात्र आर्चरचा. आणि आपण निकाल वाचतो, पुरावा नाही. १९९३ साली मार्टिन स्कॉर्सेसीने यावर चित्रपट काढला तेव्हा निवेदन एका बाईच्या आवाजात ठेवलं, ते मला फार समजून केलेलं वाटतं. तो आवाज आर्चरच्या खांद्यावरून पाहतो, पण त्याच्या बाजूचा नाही.

मेबद्दल आर्चरला एकदा भीतीही वाटते. केंटकीच्या गुहेतल्या माशांबद्दल त्याने वाचलेलं असतं. अंधारात पिढ्यान्‌पिढ्या राहून त्यांचे डोळेच गेलेले. मेला — नाही, मराठीत हे नाव विभक्तीला फार अवघड — मे हिला आपण डोळे उघडायला सांगितलं आणि त्या डोळ्यांनी नुसतंच शून्याकडे पाहिलं तर? त्याची भीती प्रामाणिक आहे. पण त्यात एक गोष्ट त्याने धरूनच टाकली आहे: डोळे उघडणारा तो, आणि बंद डोळ्यांची ती.

बायकोची पहिली बारीक रेघ यानंतर थोड्याच वेळात येते. फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन. वेलंड कुटुंब हिवाळ्यासाठी तिथे गेलेलं. एलेनच्या ओढीला घाबरून आर्चर कामधाम सोडून तिथे पळत जातो आणि मेच्या मागे लागतो, लग्न लवकर उरकू या. ती थोडा वेळ गप्प राहते. मग त्याच्याकडे सरळ बघत विचारते, दुसरं कोणी आहे का? आणि पुढे जे म्हणते ते असं, की दुसऱ्या कुणावर अन्याय करून मिळालेलं सुख मला नको. तसं कुणी असेल, तुझा शब्द तिथे गुंतला असेल, तर माझ्यासाठी तिला सोडू नकोस.

साखरपुडा झालेली, लाडात वाढलेली, आई-बापांच्या शब्दाबाहेर नसलेली ही मुलगी स्वतःचं लग्न स्वतःच्या हाताने मोडायला तयार होते. कुणाच्या सांगण्यावरून नाही, न्यायाची जाणीव आहे म्हणून. अख्ख्या कादंबरीत इतकं धीट आणि इतकं उघड बोलणं दुसऱ्या कुणी केलेलं मला आठवत नाही. आर्चर क्षणभर हलतोही. पण तिचा रोख मागच्या एका जुन्या भानगडीकडे आहे, तिला एलेनचा संशय नाही, असं दिसताच त्याला हायसं वाटतं. तो तिचं समाधान करतो, ती पुन्हा हसते, आणि त्याच्या डोळ्यांपुढे पुन्हा तीच अजाण मुलगी उभी राहते. दार उघडलं, त्याने आत डोकावलं आणि स्वतःच लोटून घेतलं.

तिने विचारलं, हे लक्षात घ्या. तिला अंदाज आला होता, तरी अंदाजावर न थांबता तिने तोंडाने विचारलं. त्याने खोटं सांगितलं. त्यानंतर तिने तसं कधी विचारलं नाही.

मात्र या लेखात मला जास्त बोलायचं आहे ते एलेनबद्दल. मे आतून किती पक्की होती, हे पुस्तक संपता संपता बहुतेक वाचकांना कळतं; त्याची चर्चाही पुष्कळ होते. एलेनबद्दल आर्चरने केलेली चूक त्या मानाने झाकलेली राहते, कारण तो तिच्यावर प्रेम करतो. ज्याचं प्रेम आहे तो कसा चुकेल, असं आपल्याला वाटतं.

एलेनला रीतसर घटस्फोट हवा आहे. घराण्याला तो नको, कारण वर्तमानपत्रांत नाव येईल. आर्चर ज्या कचेरीत काम करतो तिथले ज्येष्ठ वकील लेटरब्लेअर हे प्रकरण त्याच्याकडे सोपवतात. तिला समजाव. कागदांत तिच्या नवऱ्याचं एक पत्र आहे, त्यात तिच्या चारित्र्यावर मोघम आरोप. शहरात आधीच बोलवा आहे की ज्या सेक्रेटरीने तिला नवऱ्याच्या घरातून निसटायला मदत केली, त्याच्याशी तिचे संबंध होते. आर्चर पत्र वाचतो आणि तिच्याकडे जातो. तो फार सभ्यपणे बोलतो. आपला समाज लहान आहे, कायदा परवानगी देतो पण चालीरीती देत नाहीत, नवऱ्याने उघडपणे काही बोलायचं ठरवलं तर... आरोप निराधार असले तरीही... असं म्हणून तो थांबतो. त्याला वाटत असतं, आता ती म्हणेल की हे सगळं खोटं आहे.

ती काही बोलत नाही. शांतता पसरते. ती शांतता बुजवायला तो घाईघाईने बोलत सुटतो, कुटुंब, रूढी, त्याग. शेवटी ती म्हणते, ठीक आहे, तुम्ही म्हणाल तसं करते.

या पानावर समासात दोनच शब्द आहेत, बायकोच्या अक्षरात. ‘विचारलं का?’

नाही विचारलं. ती गप्प राहिली याचा अर्थ त्याने लावला, कबुली. आणि तो अर्थ लावून उदार मनाने तिला माफही केलं. तिच्या पाठीशी उभं राहायचं ठरवलं. माफ करण्यासारखं काही आहे का, एवढंच विचारायचं राहिलं. लग्नाच्या थोडं आधी एकदा दोघांचं बोलणं निघतं आणि त्याच्या तोंडून निसटतं की मला तेव्हा वाटलं होतं... तेव्हा ती सांगते, त्या पत्रातल्या कशाचीही मला भीती नव्हती. भीती होती ती घराण्याची बदनामी होईल याची. तुझी आणि मेची. माझं घराणं ते तुझंही घराणं होणार होतं, म्हणून तू सांगितलंस तसं मी केलं.

ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ बसून राहिलो. कारण गणित सरळ आहे. त्या दिवशी त्याने विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. घटस्फोट झाला असता. मेशी त्याचं लग्न अजून लागलेलं नव्हतं. त्याला ज्या बाईसाठी जन्मभर झुरायचं होतं, तिच्याकडे जाणारी एकुलती एक सरळ वाट त्याने स्वतः, वकिली सल्ला म्हणून, बुजवली. हे बोलणं चालू असतानाच तार येते, लग्न लवकर करायला मेच्या आईवडिलांची संमती मिळाल्याची. नशिबाला मी पूर्वी फार नावं ठेवायचो त्या तारेवरून. आता वाटतं, तारेचा काय दोष.

इथे मला स्वतःचं एक सांगितलं पाहिजे. माझी एक मावसबहीण सासरहून लेकराला घेऊन परत आली होती. मी तेव्हा तेहतीस वर्षांचा. घरच्यांनी मला तिच्याकडे पाठवलं, कारण मी शिकलेला, समजूतदार, आणि तिचं माझं लहानपणापासून जमायचं. मी तिच्या समोर बसून मुलाबद्दल बोललो, लोकांबद्दल बोललो, मावशीच्या तब्येतीबद्दल बोललो. ‘थोडं सबुरीनं घे’ म्हणालो. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिली. मी दोनदा थांबलो, तिने सांगावं म्हणून. तिने काही सांगितलं नाही. मी घरी येऊन आईला म्हणालो, तिच्या बाजूनेही काहीतरी असणार, नाहीतर बोलली असती. ती परत गेली. तीन वर्षांनी कायमची आली. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी मला कळलं की ती का गप्प होती. आमच्याच घरातल्या एका माणसाची अब्रू तिने सांभाळली होती. ते कारण इथे लिहिणं मला शोभणार नाही. पण मी तिच्यासमोर बसलो होतो तेव्हा ‘विचारलं का?’ हे दोन शब्द चार वर्षं आमच्या कपाटात होते.

आर्चरला मी क्षमा करू शकत नाही असं नाही. पण त्याची भलाई आणि त्याची चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आता म्हणवत नाही. तो भला होता म्हणूनच त्याला विचारणं अवघड गेलं. विचारणं म्हणजे तिला लाजवणं, असं त्याला वाटलं. त्याच्या समाजात न बोलता समजून घेणं हा मोठा गुण होता. व्हॉर्टनबाई त्या जगाला चित्रलिपीचं जग म्हणतात. खरी गोष्ट कुणी बोलत नाही, करत नाही, सगळं खुणांनी चालतं. अशा ठिकाणी वाढलेला माणूस स्वतःला खुणा वाचण्यात तरबेज समजू लागतो. आर्चर तर पुस्तकंही वाचणारा. लंडनहून त्याच्याकडे नव्या पुस्तकांचं खोकं येतं, त्यात ‘मिडलमार्च’ असते. मनात रंगवलेल्या माणसाशी लग्न करून बसलेल्या लोकांची ती गोष्ट. ती टेबलावर असताना त्याला स्वतःकडे बघावंसं वाटलं नाही, याने मला पूर्वी कधी आश्चर्य वाटलं नव्हतं.

व्हॉर्टनबाईंना हे जग आतून ठाऊक होतं. त्यांचा जन्म १८६२चा, न्यूयॉर्कच्या अशाच घराण्यातला. तेविसाव्या वर्षी लग्न झालं, आणि १९१३ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी घटस्फोट घेतला. तोवर त्या फ्रान्सला राहायला गेल्या होत्या. एलेनला जे करू दिलं गेलं नाही ते त्यांनी स्वतः करून झालं होतं, आणि त्यानंतर सात वर्षांनी ही कादंबरी आली. घटस्फोटाच्या त्या प्रसंगात आवाज चढत नाही, कुणी रडत नाही. मला वाटतं, ज्याने तो दरवाजा स्वतः ओलांडला आहे त्यालाच इतकं शांतपणे लिहिता येतं.

१९२१ साली या पुस्तकाला पुलित्झर मिळालं. कादंबरीसाठी ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परीक्षकांचा कौल खरं तर सिंक्लेअर लुईस यांच्या ‘मेन स्ट्रीट’ला होता, पण कोलंबिया विद्यापीठाच्या विश्वस्तांनी तो बदलला. अमेरिकी जीवनातलं निकोप वातावरण आणि आचाराचा उच्च आदर्श दाखवणाऱ्या कादंबरीला हा पुरस्कार द्यायचा, अशी तेव्हा अट होती. आपला गौरव नीतिमत्ता उंचावल्याबद्दल होतो आहे हे कळल्यावर आपण हताश झालो, असं व्हॉर्टनबाईंनी लुईस यांना पत्रात कळवलं. विश्वस्तांनी पांढरे कपडे आणि फुलं पाहिली. ऑपेरात बसलेल्या आर्चरने पाहिली तशीच.

आता पुन्हा मेकडे. लग्नाला दोनेक वर्षं होत आली आहेत. आर्चर एलेनला मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गाठतो, आणि एकदा, फक्त एकदा, त्याच्याकडे येण्याचं ती कबूल करते. त्याच दिवशी मे घरी उशिरा येते. आजीकडे एलेन भेटली, खूप वेळ बोललो, म्हणते. मी तिच्याशी नीट वागले नाही, तिला कठोरपणे तोललं. मग आर्चरच्या गळ्यात हात टाकून म्हणते, आज तू माझा मुका घेतला नाहीस. तिचं अंग थरथरतं आहे, हे त्याला जाणवतं. इथेही बारीक रेघ आहे, थरथरण्याच्या वाक्याखाली.

ती का थरथरत होती, हे आपल्याला फार उशिरा समजतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मे ऑपेराला लग्नातला सॅटिनचा झगा घालून जाते. नव्या नवरीने पहिल्या एक-दोन वर्षांत तो घालायची तिथली रीत होती. पुन्हा ‘फाउस्ट’च चालू आहे. तो तिला तिथून घरी घेऊन येतो, सगळं सांगून टाकायचं ठरवून. गाडीतून उतरताना झगा अडकून फाटतो, चिखलाने माखतो. तो तोंड उघडतो, एलेनचं नाव घेतो, आणि ती म्हणते, आता त्याचं काय, सगळं संपलंच आहे. एलेन युरोपला परत चालली आहे. मग तिच्या निरोपाचं जेवण, मेच्याच घरी, थाटामाटाचं. सगळी पंगत हसत-बोलत असताना आर्चरला उमगतं की या सगळ्यांच्या मते तो आणि एलेन केव्हाचेच एकमेकांचे आहेत, आणि हे जेवण म्हणजे तिची बिनबोभाट पाठवणी आहे.

त्या रात्री पाहुणे गेल्यावर तो मेला सांगू पाहतो — मे हिला — की मला कुठेतरी दूर जायचं आहे, हिंदुस्थानात, नाहीतर जपानला. (तरुणपणी या वाक्याने मी सुखावलो होतो, आपला देश त्याला सुटकेसारखा वाटला म्हणून.) ती म्हणते, इतक्या लांब? मला घेतल्याशिवाय नाही. आणि मला डॉक्टर जाऊ देतील असं वाटत नाही. सकाळीच तिची खात्री झाली आहे की तिला दिवस गेले आहेत. त्याच्या डोक्यात एक शंका येते. आणखी कुणाला सांगितलंस? आईला, तुझ्या आईला, आणि एलेनला. त्या दिवशी बोललो ना आम्ही, तेव्हा. पण त्याला तर पंधरा दिवस झाले, आणि खात्री तर आजच झाली म्हणतेस? ती लाल होते. तेव्हा खात्री नव्हती, म्हणते. पण मी तिला आहे असं सांगितलं.

हा प्रसंग मी पूर्वी मेच्या विजयाचा म्हणून वाचला होता, आणि नंतर एकदा मेच्या कपटाचा म्हणून. बायकोच्या खुणा पाहून मी तिला विचारलं. ती मटार सोलत होती. मी पुस्तक तिच्यापुढे धरलं. तिने चष्मा वर सारून स्वतःचंच अक्षर बराच वेळ पाहिलं.

“मे तुला आवडली होती का?” मी म्हणालो.

“नाही रे. तिचं ते खोटं मला नाही आवडलं. त्यात एलेन बिचारी फसली.” मग शेंग मोडत म्हणाली, “पण फ्लोरिडात तिने विचारलं होतं की. खरं सांगितलं असतं तर ती बाजूला झाली असती. नंतर तिने काय करायचं? तिच्याकडे दुसरं होतं काय?”

“तुला फ्लोरिडातच कळलं? तिला सगळं दिसतंय हे?”

“तुला नाही कळलं?”

तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

कादंबरीचं शेवटचं प्रकरण सव्वीस वर्षांनंतरचं. आर्चर सत्तावन्न वर्षांचा. मे गेली आहे. धाकट्या मुलाच्या आजारपणात त्याची शुश्रूषा करताना तोच न्यूमोनिया तिला झाला. थोरला मुलगा डॅलस वडिलांना पॅरिसला घेऊन येतो आणि सहज सांगतो की आई जाण्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, तुम्ही वडिलांजवळ सुरक्षित आहात. कारण मी एकदा मागितलं तेव्हा त्यांनी स्वतःला सगळ्यात हवी असलेली गोष्ट सोडली. आर्चर म्हणतो, तिने कधी मागितलं नव्हतं. डॅलस हसतो. तुम्ही दोघं एकमेकांना काही विचारायचाच नाहीत, म्हणतो. नुसते बघत बसायचा आणि आत काय चाललंय याचा तर्क करायचा.

कुणालातरी कळलं होतं, कुणीतरी आपल्यासाठी कळवळलं होतं, आणि ती आपली बायको होती, या जाणिवेने आर्चरच्या छातीवरचा लोखंडी पट्टा सुटल्यासारखं होतं. याच माणसाच्या मनात एका रात्री खिडकीपाशी उभं असताना आलं होतं की ही मेली तर आपण मोकळे होऊ. त्या रात्रीसुद्धा ती त्याला, थंडी बाधेल, म्हणून खिडकी लावायला सांगत होती.

मग ते दोघं पॅरिसमधल्या इनव्हॅलिड्स या घुमटाच्या जुन्या वास्तूजवळच्या एका चौकात एलेनच्या घरापाशी येतात. ती पाचव्या मजल्यावर राहते. आता कसलीही आडकाठी नाही. डॅलस वर जातो, आर्चर खाली बाकावर बसतो. वर जाण्यापेक्षा इथेच ते सगळं जास्त खरं वाटतं, असं त्याला वाटतं. संधिप्रकाश दाटतो, खिडकीत दिवा लागतो. थोड्या वेळाने एक नोकर सज्जात येतो, कापडी छत गुंडाळतो, खिडकीची दारं लावून घेतो. जणू याच खुणेची वाट पाहत असल्यासारखा आर्चर उठतो आणि एकटाच हॉटेलकडे चालू लागतो.

या पानावर माझी रेघ आहे, जाड, दोनदा गिरवलेली. मी या शेवटावर अनेकदा मित्रांशी बोललो आहे. आठवण जपणं, प्रत्यक्षापेक्षा मनातलं मोठं असणं, असं पुष्कळ. तिथे बायकोची खूण नाही. मी तिला तो परिच्छेद वाचून दाखवला, आणि विचारलं की इथे तुला काहीच वाटलं नाही का.

“वाटलं ना. वर डॅलसने तिला सांगितलं असेल की बाबा खाली बसलेत. ती काय म्हणाली असेल, ते नाही लिहिलेलं.”

“पण खिडकी लावली ना.”

“नोकराने लावली,” ती म्हणाली. “संध्याकाळ झाली की लावत असेल. रोज.”